सुपरहिरो कॉमिक्सच्या कथनाची पारख : नव्या वाचकांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जून १९३८ असे छापलेले आहे आणि त्याच अंकातून सुपरमॅन वाचकांसमोर आला. तेव्हापासून सुपरहिरोंच्या अंकांचा ओघ आजतागायत थांबलेला नाही, त्यामुळे आज नव्याने वाचायला बसणाऱ्याच्या पुढ्यात एवढा ढीग असतो की त्यातले चांगले कोणते आणि नुसते गाजलेले कोणते, हे कळायला मार्ग नसतो. जाणकारांना विचारावे, तर 'या अंकात अमुक मरतो', 'त्या अंकात तमुक पहिल्यांदा येतो' अशी उत्तरे मिळतात. ती खोटी नसतात, पण ती सगळी घटनांविषयी असतात. एखादी घटना कितीही गाजलेली असली तरी तिची मांडणी सामान्य असू शकते. उलट ज्यात जगावर कोणतेही संकट येत नाही असा वीस पानांचा एखादा अंक कथन म्हणून अव्वल असू शकतो. हा फरक पानावर बोट ठेवून दाखवता येतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी कसा पाहावा, एवढाच या लेखाचा विषय आहे, आणि तो मार्व्हल व डीसी या दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या कॉमिक्सपुरता मर्यादित ठेवला आहे. उदाहरणे देताना काही कथांचे शेवट उघड होतील, याची आधीच कल्पना देतो.

सुरुवातीला जवळ काय असावे

- एका कथेचे सर्व अंक असलेला एकत्रित खंड. सुटे अंक चालतील, पण मधला एकही अंक गहाळ नसावा.
- डिजिटल वाचत असाल तर संपूर्ण पान एका वेळी दिसेल एवढा मोठा पडदा.
- खंडात कोणत्या मालिकेचे कोणते अंक आहेत याची यादी. ही बहुधा पहिल्या एक-दोन पानांवर बारीक अक्षरात छापलेली असते.
- वही आणि पेन्सिल.
- घाई नसलेला वेळ, कारण प्रत्येक अंक दोनदा वाचायचा आहे.

१. पात्रावरून नव्हे, लेखक-चित्रकारांवरून निवड करा

'मला बॅटमॅन आवडतो, म्हणून बॅटमॅनचे काहीही द्या' ही नव्या वाचकाची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. पात्राची मालकी प्रकाशनसंस्थेकडे असते आणि ते दशकानुदशके शेकडो हातांतून जाते. त्यामुळे पात्राचे नाव कथेच्या दर्जाची कोणतीही हमी देत नाही. हमी मिळालीच तर ती श्रेयनामावलीतून मिळते. लेखक, पेन्सिलने चित्र काढणारा, त्यावर शाई देणारा, रंगकार, अक्षरकार आणि संपादक ही सगळी नावे वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

श्रेयनामावली वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सगळीच कॉमिक्स आधी पूर्ण संहिता आणि मग चित्रे अशी तयार झालेली नाहीत. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये लेखक आणि चित्रकार कथानकाची ढोबळ रूपरेषा ठरवत, चित्रकार ती पानांवर उलगडत असे आणि संवाद नंतर भरले जात. म्हणजे कोणता प्रसंग किती पाने चालवायचा, कुठे थांबायचे, कोणाचा चेहरा जवळून दाखवायचा, हे कथनाचे मूळ निर्णय चित्रकाराचे असत. स्टॅन ली यांच्या नावावर जमा होणाऱ्या कितीतरी गोष्टी जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांनी पानावर घडवलेल्या आहेत, आणि 'कथा लेखकाची, चित्रे चित्रकाराची' अशी सोपी वाटणी करणारा वाचक या काळातल्या कॉमिक्सवर अन्याय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

खंड निवडताना आणखी एक तपासणी करा. प्रत्येक अंकाचा चित्रकार तोच आहे का, हे पाहा. मासिक वेळापत्रक सांभाळण्यासाठी कथेच्या मध्येच दुसरा चित्रकार बसवण्याची पद्धत जुनी आहे. त्याचे चित्र वाईट असेलच असे नाही, पण पहिल्या चित्रकाराने हळूहळू बांधत आणलेली लय तिथे तुटते.

२. संपणारी कथा घ्या

'पहिल्या अंकापासून सुरुवात करतो' हा विचार इथे कामाचा नाही. मुख्य मालिका शेकडो अंक चालतात आणि मध्येच त्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली जाते. डीसीने सप्टेंबर २०११ मध्ये एकाच वेळी ५२ मालिका क्रमांक १ पासून काढल्या होत्या. मुखपृष्ठावरच्या '१' या आकड्याचा अर्थ 'कथा इथून सुरू होते' असा घेऊ नका.

ज्या कथेला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट आहे, आणि जी चार ते बारा अंकांत पुरी होते, ती घ्या. आधीचा इतिहास माहीत नसल्यामुळे अडेल, ही भीती बहुधा अनाठायी असते. चांगला लेखक लागेल तेवढे कथेतच सांगतो, आणि सांगत नसेल तर तो त्याच्या कथनाचा दोष आहे.

३. पहिले वाचन सलग, दुसरे वाचन शब्दांवाचून

पहिल्यांदा अंक न थांबता वाचून काढा. दुसऱ्यांदा संवादांच्या फुग्यांकडे आणि निवेदनाच्या पट्ट्यांकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त चित्रे पाहत जा. कोण कुठे उभा आहे, कोणत्या दिशेने जातो आहे, एका चौकटीतून दुसरीत जाताना किती वेळ गेला, कोणाच्या मनाची स्थिती बदलली, हे चित्रांवरून कळते का? कळत असेल तर चित्रकाराने आपले काम केले आहे. मारामारीच्या पानांवर ही कसोटी विशेष उपयोगी पडते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या पुष्कळ कॉमिक्समध्ये एकेक आकृती डोळे दिपवणारी आहे, पण कोणाचा ठोसा कोणाला आणि कुठून बसला याचा पत्ता लागत नाही, कारण प्रत्येक चौकट भिंतीवर लावायच्या चित्रासारखी काढलेली आहे आणि शेजारच्या चौकटीशी तिचे काही नाते नाही.

चांगले कसे असते ते पाहण्यासाठी 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३३ वा अंक, फेब्रुवारी १९६६, उघडा. अंक ३१ ते ३३ या कथेचा हा शेवट आहे. स्पायडर-मॅन अवजड यंत्राखाली अडकला आहे, छतातून पाणी गळते आहे आणि मे काकूंचा जीव वाचवू शकेल असे औषध त्याच्या हाताच्या जरासे पलीकडे जमिनीवर पडले आहे. घटना म्हणून पाहिली तर ती एका ओळीची आहे : नायक वजन उचलतो. डिटको मात्र त्यासाठी अनेक पाने घेतात. सुरुवातीला चौकटी लहान आणि दाटीवाटीच्या आहेत, त्यामुळे वाचकालाही जागा अपुरी पडते. तो प्रयत्न करतो, हरतो, काकूंचे आणि बेन काकांचे चेहरे त्याच्या डोळ्यांसमोर येतात, तो पुन्हा जोर लावतो. यंत्र जसजसे वर सरकते तसतशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि शेवटी पूर्ण पानभर एकच चित्र येते, ज्यात तो ते वजन झुगारून उभा राहतो. पानावरची जागा हेच इथे कथनाचे साधन आहे. शब्द झाकले तरी छाती भरून येते. आणि काकूंचा आजार हा त्यांना पूर्वी दिलेल्या पीटरच्याच, म्हणजे खुद्द स्पायडर-मॅनच्याच, रक्तामुळे जडला आहे, हे लक्षात घेतले की त्या वजनाचा अर्थ आणखी वाढतो.

डिजिटल वाचकांसाठी इथेच एक इशारा. पुष्कळ ॲपमध्ये एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते. लहान पडद्यावर ती सोयीची वाटते, पण तिच्यात प्रत्येक चौकट सारख्याच आकाराची दिसू लागते आणि वर सांगितलेला सगळा परिणाम नाहीसा होतो. ती सोय बंद ठेवा. छापील अंकात धक्का देणारे चित्र बहुधा पान उलटल्यावर डाव्या बाजूला येईल अशा बेताने ठेवलेले असते, हेही पाहण्यासारखे आहे.

४. शब्द चित्राला काय देतात ते तपासा

चित्रात नायक खिडकीतून उडी मारतो आहे आणि निवेदन म्हणते, 'नायकाने खिडकीतून उडी मारली' : हा शब्दांचा सर्वांत निकृष्ट वापर. जुन्या अंकांत तो सर्रास आढळतो, पण त्याला कारण होते. प्रत्येक अंक कोणातरी वाचकाचा पहिलाच अंक असणार, असे धरून लिहिले जाई आणि गोंधळ टाळण्यासाठी सगळे दोनदा सांगितले जाई. म्हणून साठ-सत्तरच्या दशकातील निवेदनाचा भार थोडा माफ करावा. आजच्या लेखकाला मात्र ती सवलत देण्याचे कारण नाही.

उत्तम वापर पाहायचा तर 'बॅटमॅन: इयर वन' घ्यावे. फ्रँक मिलर यांचे लेखन, डेव्हिड मॅझुकेली यांची चित्रे, 'बॅटमॅन' मालिकेचे अंक ४०४ ते ४०७, वर्ष १९८७. पहिल्याच पानांवर पोलीस अधिकारी जिम गॉर्डन आणि पुढे बॅटमॅन होणारा ब्रूस वेन एकाच दिवशी, ४ जानेवारीला, गॉथम शहरात येतात. गॉर्डन रेल्वेने येतो. शहराची घाण जवळून पाहताना त्याला वाटते की विमानातून नुसते रस्ते आणि इमारती दिसल्या असत्या आणि हे शहर सुसंस्कृत आहे असा भास झाला असता. ब्रूस विमानात आहे. वरून सगळे स्वच्छ दिसते, आणि त्याला वाटते की आपण रेल्वेने यायला हवे होते, शत्रूला जवळून पाहायला हवे होते. दोघे अजून भेटलेले नाहीत, तरी त्यांच्या मनातले विचार एकमेकांना उत्तर देत आहेत. दोन माणसांचे स्वभाव, शहराची ओळख आणि पुढच्या मैत्रीची चाहूल, एवढे सगळे काही मोजक्या चौकटींत उरकते. टॉड क्लाइन यांनी दोघांच्या निवेदनाला वेगवेगळे हस्ताक्षर दिले आहे, त्यामुळे कोण बोलतो आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. अक्षरकाराचे नाव वाचायला मी का सांगितले, ते इथे कळेल.

काटकसरीचा नमुना म्हणून ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'ऑल-स्टार सुपरमॅन'च्या (२००५ ते २००८, १२ अंक) पहिल्या अंकाचे पहिले पान पाहा. सुपरमॅनच्या जन्माची संपूर्ण कथा चार चौकटींत आणि आठ शब्दांत सांगितली आहे : नष्ट होणारा ग्रह, हताश वैज्ञानिक, शेवटची आशा, प्रेमळ जोडपे. पान उलटले की दोन पाने व्यापून सूर्यासमोर उडणारा सुपरमॅन. वाचकाला जे ठाऊकच आहे त्यावर लेखकाने वेळ घालवलेला नाही, आणि तरीही न सांगता काही सोडलेले नाही.

५. वेगाची तुलना करून पाहा

हा एका संध्याकाळचा अभ्यास आहे. स्पायडर-मॅनची जन्मकथा ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' अंक १५ मध्ये ११ पानांत सांगितली गेली. तीच कथा २००० साली सुरू झालेल्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी सात अंकांवर पसरली. दोन्ही लागोपाठ वाचा. पहिल्या कथेत बेन काका जेमतेम काही चौकटींत दिसतात; दुसरीत त्यांच्याशी ओळख होते, त्यामुळे त्यांचा मृत्यू अधिक लागतो. उलट पहिल्या कथेचा शेवट ज्या वेगाने अंगावर येतो तो दुसरीत नाही. संथ म्हणजे सखोल आणि वेगवान म्हणजे उथळ, असे समीकरण मांडू नका. जास्तीच्या पानांनी काय मिळवून दिले, एवढाच प्रश्न विचारा. पुष्कळ आधुनिक मालिकांत उत्तर 'काहीच नाही' असे येते, कारण एकत्रित खंड भरण्यासाठी दोन अंकांचा ऐवज सहा अंकांत ताणलेला असतो.

६. परिणाम टिकतो का, ते पाहा

या प्रकारच्या कॉमिक्समध्ये पात्रे मरतात आणि परत येतात. त्यामुळे 'मृत्यू खरा आहे का' या प्रश्नावर दर्जा ठरवायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. त्या मृत्यूने कथेच्या आत कोणाला बदलले, हे विचारा.

'अमेझिंग स्पायडर-मॅन' अंक १२१ आणि १२२, वर्ष १९७३, लेखक जेरी कॉनवे, पेन्सिल गिल केन. पुलावरून पडणाऱ्या ग्वेन स्टेसीला, म्हणजे पीटरच्या प्रेयसीला, स्पायडर-मॅन जाळ्याने पकडतो, आणि तिच्या मानेपाशी एक छोटासा ध्वनिदर्शक शब्द छापलेला आहे. मान मोडल्याचा तो आवाज आहे. नायकाला तो ऐकू येत नाही. वाचकाला मात्र दिसतो. तिला वाचवले या समजुतीत तो स्वतःचे कौतुक करत असताना आपल्याला खरे कळलेले असते, आणि या अंतरातूनच तो प्रसंग असह्य होतो. पण माझ्या मते कथनाची खरी उंची पुढच्या अंकाच्या अखेरच्या पानावर आहे. मेरी जेन ही तोवर हसतखेळत वावरणारी, कशाचीच फारशी पर्वा न करणारी मुलगी म्हणून दाखवली गेली होती. दुःखाने कडवट झालेला पीटर तिला निघून जायला सांगतो. ती दारापर्यंत जाते, थांबते, आणि दार आतून लावून घेते. एका पात्राची वाढ एका दाराच्या आवाजात झालेली आहे.

'एक्स-मेन'मधील डार्क फिनिक्सची कथा (१९८०, ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न) आणखी एक गोष्ट शिकवते. अंक १३७ चा मूळ शेवट वेगळा होता : डार्क फिनिक्स झालेली जीन ग्रे शक्ती गमावून जिवंत राहणार होती. ज्या पात्राने अब्जावधी जीवांची वस्ती असलेला ग्रह नष्ट केला ते एवढ्यावर सुटता कामा नये, असा आग्रह मुख्य संपादक जिम शूटर यांनी धरला आणि शेवट बदलला गेला. १९८४ मध्ये मूळ शेवटही स्वतंत्र अंकात प्रसिद्ध झाला, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. छापला गेलेला शेवट मला निःसंशय श्रेष्ठ वाटतो, कारण त्यात जीन स्वतः मरणाचा निर्णय घेते. जीनला १९८६ मध्ये परत आणले गेले, पण त्यामुळे अंक १३७ ची पाने कमकुवत होत नाहीत.

नुकसान होते ते परिणाम मागाहून पुसून टाकण्याने. पीटर आणि मेरी जेन यांचे लग्न १९८७ मध्ये लागले; २००७ च्या कथेत मेफिस्टो या सैतानी पात्राशी झालेल्या सौद्याने ते कधी झालेच नाही असे ठरवण्यात आले. वीस वर्षे ज्या नात्यावर कथा उभ्या होत्या ते पात्रांच्या वाढीतून बदलले नाही, बाहेरून खोडले गेले. अशी खोडाखोड दिसली की ती संपादकीय गरज आहे हे ओळखा आणि कथा म्हणून तिला कमी गुण द्या.

७. महा-इव्हेंटपासून सुरुवातीला दूर राहा

१९८४-८५ चे 'सीक्रेट वॉर्स', १९८५-८६ चे 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स', २००६-०७ चे 'सिव्हिल वॉर' : अनेक मालिकांतली पात्रे एकाच मोठ्या कथेत आणणारे हे गाजलेले इव्हेंट नव्या वाचकाला आधी सुचवले जातात, आणि नेमके तिथेच पुष्कळांचे वाचन थांबते. 'सीक्रेट वॉर्स' खेळण्यांच्या मालिकेशी जोडून काढलेले होते. 'क्रायसिस'मध्ये जॉर्ज पेरेझ यांनी गर्दीची पाने ज्या स्पष्टतेने रचली आहेत ती विलक्षण आहे, परंतु त्यातल्या पात्रांशी आधीची ओळख नसेल तर त्यांचा शेवट मनाला भिडत नाही. एखादा इव्हेंट वाचायचाच असेल तर आधी फक्त मुख्य मालिका वाचा. पात्र असे का वागले याचे उत्तर जोडमालिकेत, म्हणजे इव्हेंटला जोडून निघणाऱ्या इतर अंकांत, शोधावे लागत असेल, तर मुख्य कथा अपुरी लिहिली आहे, असा सरळ निष्कर्ष काढा.

एक अपवाद नोंदवण्यासारखा आहे. जानेवारी १९९३ असे छापलेल्या 'सुपरमॅन' अंक ७५ मधील सुपरमॅनचा मृत्यू हा विक्रीसाठी गाजवलेला प्रसंग खरा, पण त्याची बांधणी विचारपूर्वक केलेली आहे. शेवटच्या चार अंकांत दर पानावरील चौकटी चार, मग तीन, मग दोन अशा कमी होत जातात, आणि ७५ व्या अंकात प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र आहे. संवाद साधारण आहेत, खलनायकाला व्यक्तिमत्त्व नाही, तरीही चौकटींची ही उलटी मोजणी काम करते.

८. वहीत काय लिहावे

प्रत्येक अंकानंतर तीन ओळी पुरेत : नायकाला काय हवे होते, ते मिळवताना त्याला काय सोडावे लागले, आणि शब्दांवाचून लक्षात राहिलेली चौकट कोणती. तिसऱ्या ओळीसाठी लागोपाठ तीन अंकांत काही सुचले नाही, तर तो खंड बाजूला ठेवायला हरकत नाही. किंमत वाढलेले दुर्मीळ अंक, पहिल्यांदा आलेली पात्रे, मुखपृष्ठांचे प्रकार यांची नोंद करायची असल्यास ती निराळ्या वहीत करा. तो संग्राहकाचा छंद आहे.

९. वाचण्याचा क्रम

'इयर वन'पासून सुरुवात करा, कारण त्यासाठी आधीचे काही माहीत असावे लागत नाही. त्यानंतर त्याच जोडीचे 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन' (१९८६, अंक २२७ ते २३३) घ्या आणि सुरुवातीच्या अंकांतील मॅट मर्डॉक (म्हणजेच डेअरडेव्हिल) झोपलेला दाखवणारी मोठी चित्रे शेजारी ठेवून पाहा, घरातला बिछाना, मग भाड्याची हलकी खोली, मग रस्ता, असा त्याचा ऱ्हास शब्दांवाचून कळतो. मग स्पायडर-मॅनचे अंक ३१ ते ३३ आणि १२१-१२२. त्यानंतर मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आजा यांच्या 'हॉकआय'चा अंक ११ (२०१३) : ही संपूर्ण कथा एका कुत्र्याच्या नजरेतून येते, माणसांच्या बोलण्यातले त्याला कळणारे मोजके शब्द तेवढे वाचता येतात आणि वास चित्रखुणांनी दाखवलेले आहेत. मग 'ऑल-स्टार सुपरमॅन', मग 'एक्स-मेन' अंक १२९ ते १३७.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे 'वॉचमेन' (१९८६-८७, १२ अंक) सर्वांत शेवटी ठेवा. बहुतेक जण ते आधी हाती देतात, पण ते पुस्तक या प्रकाराच्या रूढींशी वाद घालते, आणि त्या रूढी वाचून झालेल्या नसतील तर वादाची एकच बाजू ऐकू येते. वाचताना पानाची नेहमीची नऊ चौकटींची जाळी (तीन ओळी, प्रत्येकीत तीन चौकटी) कुठे मोडली आहे तिथे खूण करत जा, आणि पाचवा अंक संपल्यावर त्याचे पहिले पान शेवटच्या पानाशी, दुसरे उपान्त्य पानाशी, असे जोडीजोडीने ताडून पाहा.